संप्रेरक-पूरक उपचार थांबवणे

पाळी कायमची गेल्यावर अंडाशयांतून इस्ट्रोजेन जवळजवळ स्रवेनासे होते. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडणे, हाडांची झीज वाढणे हे त्याचे परिणाम. ते आटोक्यात ठेवण्यासाठी बाहेरून इस्ट्रोजेन देतात आणि गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्या गुणाचे कृत्रिम संप्रेरक देतात. या उपचाराला संप्रेरक-पूरक उपचार किंवा एचआरटी म्हणतात. तो सुरू करण्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. थांबवण्याविषयी मात्र बहुतेक स्त्रियांच्या हाती ‘पाच वर्षे झाली, आता पुरे’ एवढेच वाक्य येते. ते अपुरे आहे, आणि अनेकींच्या बाबतीत चुकीचेही.

या वाक्यामागची भीती बव्हंशी 2002 साली जन्मली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा अभ्यास 1991 मध्ये हाती घेतला होता. त्याच्या एका भागात गर्भाशय असलेल्या 16,608 स्त्रियांपैकी काहींना संयुक्त संप्रेरकांची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जात होती. साडेआठ वर्षे चालवायचा हा प्रयोग सरासरी 5.2 वर्षांनीच, जुलै 2002 मध्ये, थांबवण्यात आला. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर उपचार घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचे 8, पक्षाघाताचे 8 आणि हृदयविकाराचे 7 रुग्ण जास्त आढळत होते. मांडीच्या खुब्याचे अस्थिभंग 5 आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग 6 कमी. वर्तमानपत्रांत टक्केवारी आली, हे लहान आकडे मागे पडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेल्या स्त्रीला नव्याने इस्ट्रोजेन देणे आणि पन्नाशीत, त्रास ऐन भरात असताना देणे यांत मोठा फरक आहे. रक्तवाहिन्यांचे धोके पहिल्या गटात जास्त दिसतात. पुढे याच अभ्यासातील स्त्रियांचा 18 वर्षे मागोवा घेतला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील एकूण मृत्युदरात फरक आढळला नाही. अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर 2003 पासून ठळक चौकटीत इशारा छापला जात असे. नोव्हेंबर 2025 मध्ये तेथील औषध प्रशासनाने तो काढण्याचा निर्णय जाहीर केला. इस्ट्रोजेन एकटेच घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराला होऊ शकणाऱ्या कर्करोगाचा इशारा तेवढा कायम राहिला.

म्हणून स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न मिटला असे नाही. तो थांबवण्याच्या निर्णयाच्या केंद्रस्थानी आहे. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात 58 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यानुसार पन्नाशीला उपचार सुरू करून पाच वर्षे रोज इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन गटातील औषध घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत दर 50 स्त्रियांमागे एकीला जादा कर्करोग होतो. महिन्यातले काही दिवसच दुसरे संप्रेरक घेतल्यास दर 70 मागे एकीला, आणि निव्वळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर 200 मागे एकीला. उलट अमेरिकी अभ्यासात गर्भाशय काढलेल्या, निव्वळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत हा कर्करोग कमी आढळला. दोन्ही निष्कर्षांत एक गोष्ट समान आहे: धोका मुख्यतः दोन संप्रेरकांच्या जोडीचा आहे आणि तो कालावधीबरोबर वाढतो. उपचार थांबवल्यावर धोका घटतो. पण दीर्घकाळ घेतलेल्यांत त्याचा काही अंश दहा वर्षांहून अधिक काळ उरतो.

कधी थांबवावा याला वयाची ठरावीक रेषा नाही. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या निवेदनात म्हटले आहे की केवळ साठी किंवा पासष्टी आली म्हणून उपचार बंद करण्याचे कारण नाही. गरम वाफा किती वर्षे टिकतात हे पाहिले की पाच वर्षांची मर्यादा इतकी तोकडी का पडते ते कळते. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात त्यांचा मध्यक कालावधी 7.4 वर्षे निघाला. पाळी चालू असतानाच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांच्यात तो अकरा वर्षांच्याही पुढे गेला. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: उपचार ज्या कारणासाठी सुरू केला ते कारण अजून आहे का? ते कळायला औषध कमी करून पाहण्यावाचून मार्ग नाही, कारण औषध चालू असताना त्रास दिसतच नाही. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे रक्तदाब, स्तनांची तपासणी, वजन, घराण्यातले आजार यांचा आढावा घेताना हा प्रश्न पुन्हा मांडला जावा. जुन्याच चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे गोळ्या आणत राहणे जितके वाईट, तितकेच शेजारणीचे ऐकून एका रात्रीत बंद करणेही.

काही प्रसंगी मात्र वाट पाहून चालत नाही. स्तनाचा कर्करोग निघाला, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला, पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली, यकृताचा तीव्र आजार उद्भवला, तर उपचार तत्काळ बंद करतात. कारण न कळणारा रक्तस्राव झाल्यास आधी तपासणी हवी. गुठळीचा धोका थोडा जास्त असलेल्या स्त्रीला, उदाहरणार्थ वजन जास्त असेल तर, गोळीऐवजी त्वचेवरची पट्टी किंवा जेल देता येते. त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन आतड्यांतून थेट यकृतात पोहोचत नाही, म्हणून त्याने गुठळ्यांचा धोका फारसा वाढत नाही. बऱ्याचदा ‘थांबवू का’ या प्रश्नाचे उत्तर ‘प्रकार बदलू या’ हे असते.

एकदम थांबवावा की हळूहळू? जुलै 2002 मध्ये हजारो स्त्रियांना गोळी एकदम सोडायला सांगितले गेले, आणि नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीला त्यांपैकी 8,405 जणींनी उत्तर दिले. संप्रेरके घेतलेल्यांपैकी 21.2 टक्के स्त्रियांना मध्यम ते तीव्र वाफा-घामाचा त्रास होत होता. निष्क्रिय गोळीवाल्यांत हे प्रमाण 4.8 टक्के होते. सुरुवातीला ज्यांना हा त्रास होता, त्यांच्यात निम्म्याहून अधिक जणींचा परत आला. याचे कारण मेंदूत आहे. अधश्चेतकातील काही चेतापेशी शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला संदेश देतात. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की त्या अतिसक्रिय होतात आणि क्षुल्लक उष्णतेलाही शरीर घाम फोडून उत्तर देते. मात्रा हळूहळू उतरवल्यास पहिल्या महिन्यांत हा त्रास सौम्य राहू शकतो. वर्षभरानंतर पाहिले तर एकदम सोडणाऱ्या आणि हळूहळू सोडणाऱ्या स्त्रियांत फारसा फरक उरत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात आणि निवड स्त्रीवर सोपवतात.

तरी मात्रा उतरवण्याला माझी पसंती आहे, आणि तीही एका वेगळ्या कारणासाठी. या वाटेवर अनेकींना कळते की आपले अर्ध्या मात्रेत उत्तम भागते. मग तिथेच थांबता येते. 2 मिलिग्रॅमची एस्ट्राडायॉल गोळी घेणारी स्त्री 1 मिलिग्रॅमवर येते, महिना-दोन महिने पाहते, मग दिवसाआड घेते. जेल वापरणारी दोन दाबांवरून एका दाबावर येते. एकूण तीन ते सहा महिने लागतात. वैशाखात सुरुवात करू नये. उकाडा कोणता आणि वाफ कोणती हेच कळत नाही. मात्रा उतरवताना होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल आधी सोडणे. ती घेतल्यावर पेंग येते, पोट फुगल्यासारखे वाटते, शिवाय ‘खरे औषध तर इस्ट्रोजेनच’ असा समज असतो, म्हणून ती मनानेच टाळली जाते. गर्भाशय असेपर्यंत इस्ट्रोजेन एकटे घेतले तर त्याचे अस्तर जाड होत जाते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. अमेरिकेत 1975 मध्ये हे उघड झाले आणि तेव्हापासूनच जोडसंप्रेरक देण्याची पद्धत रूढ झाली. रोज 100 मिलिग्रॅम किंवा महिन्यातले 12 दिवस 200 मिलिग्रॅम अशी जी पद्धत ठरली असेल, ती इस्ट्रोजेनच्या शेवटच्या गोळीपर्यंत पाळायची. महिन्यातले काही दिवस कॅप्सूल घेणाऱ्यांना ती संपल्यावर एकदा पाळीसारखा स्राव होणे अपेक्षित आहे. त्यानंतर कधीही रक्त दिसले, थेंबभर का असेना, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहावीच लागते.

वाफा बहुधा काही महिन्यांत ओसरतात. कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. संभोगाच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग या तक्रारी घेऊन साठीतली स्त्री लघवीच्या तपासण्या करत फिरते आणि लाजेपोटी मूळ गोष्ट बोलत नाही. योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम रक्तात फारच थोडे उतरते. मुख्य उपचार बंद झाल्यावरही ते चालू ठेवता येते, आणि त्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र आधी कर्करोगतज्ज्ञाला विचारावे.

ज्यांची पाळी फार लवकर गेली, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. चाळिशीच्या आत अंडाशय निकामी झाले किंवा काढले असतील, तर निदान पन्नाशीपर्यंत तरी उपचार थांबवू नये. तोवर आपण केवळ निसर्गाने द्यायचे होते तेवढेच भरून देत असतो. भारतात सरासरी रजोनिवृत्ती 46-47 व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 82 हजारांहून अधिक जणींमध्ये 13 हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत तिशीतल्याही होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले की नाही, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असते. पुष्कळदा तो कागद घरात सापडत नाही. अंडाशय गेले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. राहिले असतील तरी ते काहीसे लवकर थकू शकतात. या स्त्रियांपुढे उपचार थांबवण्याचा प्रश्न येतच नाही, कारण बहुतेकींना तो कोणी सुरूच करून दिलेला नसतो.

हाडांकडे लक्ष देणे शेवटपर्यंत राहून जाते. इस्ट्रोजेन चालू असेपर्यंत झीज रोखलेली असते. थांबताच ती पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षांसारखी वेगाने सुरू होते, आणि खुब्याच्या अस्थिभंगापासूनचे संरक्षण काही वर्षांतच संपते. म्हणून उपचार सोडण्याच्या सुमारास हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. हाडे विरळ निघाली, तर ॲलेन्ड्रोनेटसारखे हाडांचे औषध लगेच सुरू करता येते. वाफा असह्य झाल्या तर संप्रेरकांविना उपायही आहेत: व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, बोधनात्मक वर्तनोपचार, आणि मेंदूतील त्याच चेतापेशींच्या संदेशाला अटकाव करणारे फेझोलिनेटंट, ज्याला अमेरिकेत मे 2023 मध्ये मान्यता मिळाली. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर कमीत कमी मात्रेत संप्रेरके पुन्हा सुरू करता येतात.