लोटस एलान : हलकी गाडी जपायची कशी?

मागचे काही भाग आपण रणगाडे, तोफा ओढणारे ट्रॅक्टर आणि लष्करी ट्रक यांच्यावर बोललो. सगळी टनांमधली यंत्रं. आज मात्र जेमतेम साडेसहाशे ते सातशे किलोंच्या गाडीबद्दल बोलायचं आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, सगळीकडून एकच प्रश्न वारंवार येतो : जुनी गाडी जपताना तिच्यात बदल करावेत की ती होती तशीच ठेवावी? नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून एका गाडीचा इतिहासच सांगतो. गाडी ब्रिटिश, नाव लोटस एलान.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन १९२८ साली जन्मला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला, म्हणजे शिक्षण मोटारीचं नव्हे, पूल आणि इमारतींचं. पहिली गाडी त्याने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून बनवली. १९५२ साली उत्तर लंडनमधल्या हॉर्नझी भागात, वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात कंपनी सुरू केली. पुलाचा इंजिनिअर पहिला प्रश्न काय विचारतो? भार कुठून येतो आणि कुठे जातो? जिथून भार जातच नाही, तिथलं लोखंड फुकटचं. चॅपमनने मोटारीला हाच नियम लावला.

यात साधं गणित आहे. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी वेग लवकर घेते, पण वळणावर आणि ब्रेक मारताना त्याचा उपयोग नाही. वजन कमी केलं तर वेग घेताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही ठिकाणी फायदा होतो. शिवाय टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं. फौजेतल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाठीवर पंचवीस किलो घेऊन डोंगर चढलेल्या जवानाला विचारा, दोन किलो कमी झाले तर काय फरक पडतो.

१९५७ साली लोटसने एलिट नावाची गाडी दाखवली. तिला वेगळा सांगाडाच नव्हता. फायबरग्लासची बॉडी हाच सांगाडा. कल्पना धाडसी, पण बनवायला महाग. कंपनीला त्यात पैसा मिळेना. म्हणून ऑक्टोबर १९६२ मध्ये एलान आली. हिच्यात उलटा विचार होता. मधोमध पोलादी पत्र्याची दुमडून केलेली पेटीसारखी एक कणा-चेसिस. पुढे दोन फाटे, त्यात इंजिन. मागे दोन फाटे, त्यात डिफरन्शियल. वर फायबरग्लासची बॉडी बसवली की झाली गाडी. या कामाचा प्रमुख रॉन हिकमन. पुढे त्यानेच ‘वर्कमेट’ नावाचं घडीचं कामाचं टेबल शोधलं, जे जगभरच्या सुतारांच्या आणि हौशी लोकांच्या घरी पोचलं.

इंजिन १५५८ सीसीचं. खालचा भाग फोर्डचा, साध्या फॅमिली गाडीतला. वरचं दोन कॅमशाफ्टचं ॲल्युमिनियम हेड हॅरी मंडीने आखलं. तो तेव्हा ‘ऑटोकार’ या नियतकालिकाचा तांत्रिक संपादक होता. ताकद १०५ हॉर्सपॉवर. आपल्याला कळेल असं सांगतो : वजन आपल्या जुन्या मारुती ८००च्या जवळपास आणि ताकद तिच्या पावणेतीन पट. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेही १९६२ साली.

आता आपल्याकडचा एक धागा. एलानचा पुढचा चाक धरणारा उभा दांडा लोटसने बनवला नाही. तो ट्रायम्फ हेरल्डच्या घराण्यातला. आणि हेरल्ड म्हणजे आपली स्टँडर्ड हेरल्ड, १९६१ पासून मद्रासला बनणारी! आमच्या घरी ती होती. त्या दांड्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते पितळी ठोकळ्यात फिरतं. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टीअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. नियम असा की तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. ग्रीस घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी आत शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस दांडा आट्यांपाशी तुटून चाक आडवं होतं. वडील महिन्यातून एकदा तेलाची पिचकारी घेऊन गाडीखाली जायचे आणि तेल जुन्या घाणीसकट खालून बाहेर येईपर्यंत मारत राहायचे. आम्हाला ते फार कंटाळवाणं वाटायचं. पण हे दहा मिनिटांचं काम करणाऱ्या माणसासाठी तो भाग वर्षानुवर्षं टिकतो, मग गाडी मद्रासची असो की लोटसची.

एलानमध्ये पुढे काय झालं ते समजण्यासाठी ब्रिटनचा कर समजला पाहिजे. तिथे तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता. सुट्या भागांत गाडी घेऊन मालकाने स्वतः जोडली तर तो कर लागत नसे. म्हणून बऱ्याच एलान पेट्यांमधून घरी गेल्या आणि लोकांनी त्या अंगणात, गॅरेजमध्ये जोडल्या. १ एप्रिल १९७३ ला परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी दोन आसनी एलानचं उत्पादनही थांबलं. पण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती : या गाडीचा मालक म्हणजे हातात पाना धरणारा माणूस.

मी हे पुस्तकी सांगत नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये नॉर्फोकला राहतो. लोटसचा कारखाना १९६६ पासून याच परगण्यात, हेथेलच्या जुन्या विमानतळावर आहे. त्याच्याकडे १९६६ ची एलान आहे. दोन उन्हाळे मी तिच्याखाली काढले आहेत. त्यातून जे कळलं ते मुद्द्यांनी सांगतो.

पहिला मुद्दा विजेचा. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थिंगची तार असते. इथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटारीला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. तिचं टोक काळं पडलं की वीज भलत्याच वाटेने परत जाते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, दिवा लावला की काटा हलतो. नवा मिस्त्री बल्ब आणि फ्यूज बदलत बसतो. अनुभवी माणूस आधी अर्थिंगची सगळी टोकं घासून घेतो.

दुसरा मुद्दा दिव्यांचा. पुढचे दिवे बॉनेटमधून वर येतात, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. तो व्हॅक्यूम साठवायला चॅपमनच्या माणसांनी वेगळी टाकी दिली नाही. चेसिसचा पुढचा आडवा भाग पोकळ होता, त्यालाच टाकी केलं. एका भागाकडून दोन कामं. पण तो आतून गंजून भोक पडलं की हवा शिरते आणि सुरुवातीच्या गाड्यांत दिवे हळूहळू खाली बसतात. म्हणजे झुकलेले दिवे ही दिव्याची तक्रार नाही, ती चेसिसची तक्रार असू शकते.

तिसरा मुद्दा गंजाचा. पुढच्या सस्पेन्शनचे मनोरे पोकळ आहेत. त्यांच्या तळाशी पाणी निघायला लहान भोकं आहेत. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग छान दिसत राहतो. एक तार घेऊन ती भोकं मोकळी ठेवणं, एवढंच काम. बिनपैशाचं.

भाच्याच्या गाडीत हे काम आधीच्या कुठल्या तरी काळात राहून गेलं होतं. मनोऱ्याला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर ते आत गेलं. तो उभा राहून बघत होता. म्हणाला, “मामा, हा कणाच काढून टाकला तर गाडी तीच राहील का?”

हा आजच्या भागाचा खरा प्रश्न आहे. तिकडे यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मूळ पत्राच वेल्डिंग करून वाचवा, नाहीतर इतिहास गेला. दुसरा म्हणतो, नवं दोन लिटरचं इंजिन टाका, रुंद टायर लावा, आहे ती गाडी मजेत चालवा. मी त्याला म्हटलं, “अरे, आधी बघ की बनवणाऱ्याने काय केलं.” लोटसनेच १९८०च्या सुमारास बदली चेसिस जस्ताचा मुलामा देऊन विकायला सुरुवात केली. १९७१ सालच्या एलान स्प्रिंटमध्ये कंपनीनेच मोठे व्हॉल्व्ह टाकून ताकद १२६ हॉर्सपॉवरवर नेली होती. म्हणजे बदल हा या गाडीला बाहेरून चिकटवलेला नाही. ब्रिटनचा कायदाही यात समंजस आहे. ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एम.ओ.टी. तपासणीतून सूट आहे; मूळ नमुन्याचीच चेसिस बसवली तर तो मोठा बदल धरत नाहीत.

मग कुठे थांबायचं? माझी कसोटी दोन प्रश्नांची. या बदलाने वजन किती वाढतं? आणि भार कुठे सरकतो?

मागच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टवर रबराची कपलिंगं आहेत, एकेका बाजूला दोन. क्लच सोडताना रबर पिळतं आणि गाडी एकदा उसळते. पुष्कळ जण ती काढून आजच्या गाड्यांसारखे सी.व्ही. जॉइंट बसवतात. उसळी जाते, रबर फाटून शाफ्ट आपटण्याची भीती जाते. पण रबर जो धक्का गिळत होतं तो आता डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सकडे जातो. हे माहीत असून बदल केला तर ठीक. दुसरं, वॉटर पंप. तो इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला, त्यामुळे एका सीलसाठी हेड उतरवावं लागतं. आता पंप वेगळा काढता येईल असं नवं कव्हर मिळतं. वजन फारसं वाढत नाही, भार सरकत नाही. निःशंक बसवा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, तोही चालेल.

रुंद टायरचं मात्र तसं नाही. एलानचं स्टीअरिंग आजही नावाजलं जातं, कारण अरुंद टायर आणि पुढचं कमी वजन यांमुळे रस्ता थेट हाताला कळतो. रुंद टायर लावले की पकड वाढते, त्याबरोबर बेअरिंगवर, त्या हेरल्डवाल्या दांड्यावर आणि चेसिसच्या मनोऱ्यावर ओढही वाढते. मग ते मजबूत करा. मग वजन वाढलं, स्प्रिंग बदला. हीच साखळी मी जोंगावर पाहिली आहे. एक कॅरिअर, दोन जेरीकॅन, एक पेटी, प्रत्येक गोष्ट कामाचीच. वर्षभराने कमानी बसलेल्या असायच्या आणि मेंटेनन्स परेडला सगळे स्प्रिंगला दोष देत असायचे.

भाच्याने मूळ नमुन्याची, जस्त दिलेली चेसिस घेतली. रबर कपलिंग ठेवली. जुना कणा भंगारात न टाकता गॅरेजच्या भिंतीला लावला आणि सगळी नोंद तारखेनिशी वहीत केली. गाडी तीच राहिली का? माझ्या मते राहिली, कारण तिच्यामागचा विचार शाबूत राहिला. जपानच्या माझदाने १९८९ साली एमएक्स-५ आणली तेव्हा त्यांच्यासमोर एलानचाच आदर्श होता. त्यांनी चेसिसही घेतली नाही आणि इंजिनही नाही. घेतला तो विचार, आणि तो आजही रस्त्यावर आहे.

तुमच्याकडे लोटस नसेल. जुनी फियाट असेल, स्टँडर्ड असेल, आजोबांची जीप असेल. तीन कामं करा. पाण्याची भोकं मोकळी ठेवा. जिथे तेल सांगितलं आहे तिथे तेलच घाला. आणि काहीही बदललं तर काय, का आणि कधी हे वहीत लिहा, काढलेला भाग जपून ठेवा. पुढच्या माणसाला उलट फिरायचं असेल तर वाट राहिली पाहिजे. तीस वर्षांनी तुमच्या नातवंडांना गाडी मिळेल तेव्हा ती वही गाडीइतकीच मोलाची ठरेल.

पुढच्या भागात जबलपूरच्या शक्तिमान ट्रकबद्दल बोलू. तोवर आपापल्या गाडीखाली एकदा डोकावून या. जय हिंद.