जमिनीखालची लोखंडी भिंत

गंजणारं लोखंड विषारी पाणी साफ करतं, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. पण हे खरं आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

1980 च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात एक साधी तपासणी चालू होती. भूजलाचा नमुना ज्या नळीतून काढतो, तिच्यामुळे पाण्यातलं रसायन कमी-जास्त होतं का? तेव्हा दिसलं की काही धातूंच्या संगतीत ट्रायक्लोरोइथिलीनसारखी, म्हणजे यंत्राच्या भागांवरचं ग्रीस धुवायच्या द्रावणासारखी, क्लोरीनयुक्त रसायनं हळूहळू नाहीशी होतात. नमुना घेणाऱ्याला ही कटकटच. रॉबर्ट गिलहॅम यांना मात्र त्यात उपाय दिसला.

1991 मध्ये बोर्डनच्या लष्करी तळावर त्यांनी दूषित भूजलाच्या वाटेत भिंत घातली. 22 टक्के लोखंडाचा चुरा, बाकी वाळू. पाणी अडवायचं नाही, आरपार जाऊ द्यायचं. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं, त्याने रसायनातला क्लोरीन सुटतो. भिंतीपलीकडे सुमारे 90 टक्के ट्रायक्लोरोइथिलीन कमी झालं होतं. पंप नाही, वीजबिल नाही.

पुढे 1996 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ सिटीला तटरक्षक दलाच्या तळावर अशीच भिंत झाली. तिथल्या क्रोम प्लेटिंगच्या शॉपमधून वर्षानुवर्षं झिरपलेलं क्रोमियम नदीकडे सरकत होतं. 46 मीटर लांब, 7 मीटरच्या वर खोल आणि जेमतेम 2 फूट जाड लोखंडी पट्टा जमिनीत भरला. विषारी षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी झालं आणि ते तिथेच साचून बसलं.

आता आपल्याकडे या. एमआयडीसीच्या आसपास विहिरीचं पाणी पिवळं झालं की काय होतं? अर्ज, पंचनामा, टँकर. टँकर आला की विषय संपला!

अशी भिंत लगेच इथे बांधा, असं मी म्हणत नाही. ती वाळूच्या थरात सोपी. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून कुठूनही वाट काढतं. शिवाय कालांतराने लोखंडावर पुटं चढतात, म्हणून देखरेख लागतेच. आणि मुळातली घाण उचलली नाही, तर भिंत किती वर्षं राखण करणार?

पण एलिझाबेथ सिटीला भिंतीआधी एक काम झालं होतं. निरीक्षण विहिरी खोदून विष कुठून निघालं, कुठे चाललंय, किती वेगाने, हे मोजलं होतं. त्याला परदेशी तंत्र लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावाखालचं पाणी कुठल्या दिशेला वाहतं, शेवटचा नमुना कधी घेतला, आणि त्याचा अहवाल कुठे लावलाय?

उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं, तरी टाका.