कूतचा वेढा : उपासमार व मनोव्यवहार

पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमारा (इराक) येथे 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात तुर्की फौजेने ब्रिटिशांच्या हिंदी लष्करातील मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनला कोंडून धरले. तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. युद्धातील ताण अन्नाच्या घासापर्यंत कसा पोचतो, हे मराठी शिपायांच्या बाबतीत येथे ठळकपणे दिसते.

धान्य आटल्यावर घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. गोऱ्या सोल्जरांनी ते मांस खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी त्याला हात लावला नाही. धर्माची हरकत नसल्याच्या तारा हिंदुस्थानातून मागवल्या, तरी नकार टिकला. गावी कळले तर आपल्या घरात मुलगी कोण देईल, ही धास्ती मोठी होती. या नकाराला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. गावी परतायची आशा जिवंत होती, म्हणून तर गावाचा धाक होता. सुटकेसाठी निघालेली फौज जानेवारीत हन्नाला अडली, मार्चमध्ये दुजैलाला. इतके दिवस काढले तसे आणखी थोडे, असे म्हणत माणसे झिजत गेली. एप्रिलमध्ये शिधा अगदीच तुटपुंजा झाला तेव्हा बहुतेकांनी मांस पत्करले; तोवर त्यांच्यात स्कर्व्ही पसरला होता. ताज्या मांसामुळे गोरे त्यातून बरेचसे वाचले, पण पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिल्याने त्यांच्यात बेरीबेरी झाला. शरणागतीनंतर तुर्कांनी दिलेली टणक बिस्किटे खाऊन अनेकजण दगावले.

उपासमारीने मन कसे बदलते, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. ॲन्सेल कीझ यांनी 1944–45 मध्ये 36 स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, जेवण लांबवत, ताटल्या चाटत. स्वतःच्या बरगड्या दिसत असतानाही काहींना आपण बारीक न वाटता इतर माणसेच जाड वाटत. पुढे पोटभर मिळू लागल्यावर पोटामांड्यांवरची नवी चरबी त्यांना खुपू लागली. मात्र उपासमार कधी संपणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. 1965 च्या युद्धकाळात लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी एक वेळ न जेवणाऱ्या कुटुंबांनाही मंगळवारची खात्री होती. कूतमधल्या शिपायाला तेवढीही नव्हती.