साखळीपासून चिठ्ठीपर्यंत

लहानपणी दर जुम्मेरातीला मी अम्मीबरोबर दर्ग्याला जात असे. हातात मामूंसाठी भाकरीचा डबा असे. मामू शिंपी होते. ईदचे आमचे कपडे तेच शिवायचे. एका वर्षी त्यांची झोप उडाली, ते एकटेच बोलू लागले. वडीलधाऱ्यांनी त्यांना दर्ग्याजवळच्या एका खोलीत ठेवलं. पायात साखळी होती. डबा घेताना ते विचारायचे, "बेटा, माझी कैची आणलीस का?" दोन वर्षांनी त्याच खोलीत ते गेले. आमच्या घरात माया कमी नव्हती; या आजारावर औषध असतं, हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीची बातमी आली. तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, पळणार कशी? २८ जण गेले. मला मामूंचा पाय आठवला.

त्यानंतर अशी आश्रयगृहं बंद झाली, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे आवश्यकच होतं. पण मनात प्रश्न राहिला: कुलूप लावल्यावर त्या दारात आलेले लोक जाणार कुठे?

याचं उत्तर आपल्या देशात आधीच शोधलं गेलं होतं. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. आजार काय, औषध कसं द्यायचं, हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुष्कळ रुग्ण बरे होऊन त्यांच्याच सोबत घरी परतले. पुढे १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनाच हे उपचार शिकवले गेले आणि त्याच धर्तीवर १९९६पासून जिल्हावार योजना सुरू झाली. उपचार माणसाच्या दाराशी न्यायचा, हेच या सगळ्याचं सूत्र.

दर्ग्याच्या दाराशीही तो पोहोचला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार यांचा दर्गा आहे. २००८च्या सुमारास तिथे 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. आजाराची लक्षणं ओळखायला मुजावरांना शिकवलं. ते दुआ करतात आणि चिठ्ठी देऊन तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. श्रद्धा सोडा, असं कुणी म्हणत नाही. मुजावराच्या शब्दाला मान असतो. त्यांनीच 'गोळी घे' म्हटलं, तर माणूस ती घेतो.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी बांधण्यास मनाई केली. २०२२मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. पण कायदा पुस्तकात असतो आणि माणूस घरात. रात्र-रात्र जागणारा मुलगा, दारूत बुडालेला भाऊ, गप्प झालेली आजी: यांच्याविषयी आपण शेजाऱ्यांपाशीही बोलत नाही. लोक काय म्हणतील, ही साखळी कुठल्याही कायद्याने तुटत नाही.

अम्मी होती तोवर मामूंची कैची तिच्या पेटीत होती. आता ती माझ्याकडे आहे. मामूंच्या वेळी एखाद्या मुजावराने अम्मीच्या हातात ती चिठ्ठी ठेवली असती तर, असं वाटत राहतं. तुमच्या ओळखीत आज कुणाला तिची गरज असेल, तर ती तुम्ही द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)