पितृगृह सोडताना

तोरेतील अब्रामाची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती त्याच्या वयाच्या ७५ व्या वर्षी. हारान येथे त्याचा जम बसलेला आहे. अशा वयात त्याला देश, जन्मस्थान आणि पित्याचे घर सोडून निघण्याची आज्ञा होते. जावयाचे कोठे, हे मात्र सांगितले जात नाही. वास्तविक निघालेला माणूस आधी घर, मग गाव, मग देश मागे टाकतो. आज्ञेत हा क्रम उलटा आहे. तेराव्या शतकातील भाष्यकार नाख्मानिदेस याने त्याचा उलगडा असा केला की, देश सोडणे कठीण, जन्मस्थान सोडणे त्याहून कठीण आणि पितृगृह सोडणे सर्वांत कठीण. परिचिताच्या आसऱ्याबाहेर पाऊल टाकण्यास यहुदी परंपरेने धर्माचरणाचे मोल दिले, ते या प्रसंगापासून.

कोकणातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास या तीन शब्दांवर घासून पाहण्याजोगा आहे. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची मूळकथा. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकात यांतील अनेकजण घाणा सोडून मुंबईस आले, कंपनीच्या पलटणीत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यांतलाच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्याने मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. गाव सुटले खरे, पण दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर या आडनावांत ते शिल्लक राहिले. जन्मस्थान असे नावाला बांधून नेण्याची सवलत बिचाऱ्या अब्रामाला नव्हती!

१९४८ नंतर देशही सुटू लागला. येथे कोणी छळ केला होता, म्हणून हे लोक गेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली, तिच्या ओढीने गेले. तेथे मात्र वेगळाच प्रसंग ओढवला. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाहनोंदणीसंबंधी सूचना काढल्या. बेने इस्रायल वधूवरांच्या आई, आजी व त्यामागील पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी, असा त्यांचा आशय होता. पितृगृह सोडावे ही ज्या धर्माची पहिली आज्ञा, त्याच धर्माच्या नावाने या माणसांकडे मातृकुळाचे दाखले मागितले गेले. घाणा बंद ठेवून पाळलेला शनिवार पुराव्यास पुरेसा ठरला नाही. माझ्या मते या समाजाची खरी कसोटी समुद्रप्रवासात नव्हती, ती या नोंदणीच्या मेजासमोर होती. परतीची वाट मोकळी होती, काहीजण परतलेही. बहुसंख्य तेथेच राहिले आणि भांडले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने हा समाज सर्वार्थाने यहुदीच असल्याचे जाहीर केले. पुढे सूचनांतून त्यांचा नामनिर्देश वगळण्यात आला.

या सर्व धामधुमीत पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा सुटला नाही. नवस फेडताना, मंगलकार्याच्या आधी, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने तो वाटतात. एलियाहू स्वर्गारोहण करताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकून गेला, अशी श्रद्धा आहे. तेथील खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवितात. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली नातवंडे कोकणात आली की हा खडक पाहावयास जातात.