आमदाराचे अग्रक्रम कसे वाचावेत : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कोल्हापुरात राजकारण न कळणारा माणूस सापडणे अवघड. तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात, कारखान्याच्या गव्हाणीपाशी कोण कोणत्या गटाचा आणि कुणाचे कुणाशी फाटले, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. मात्र जिल्ह्यातून निवडून गेलेल्या दहा आमदारांनी मागच्या अधिवेशनात सभागृहात नेमके काय मांडले, असे विचारले की तोच कट्टा गप्प होतो. अभ्यासकांची स्थिती फार वेगळी नाही. निवडणूक, जात, साखर आणि सहकार यांवर आपण भरभरून लिहिले. निवडून गेल्यानंतरच्या कामाकडे त्या मानाने कमी पाहिले. त्या कामाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचे, पत्रकाराचे आणि कार्यकर्त्याचे या पुस्तकात मनापासून स्वागत आहे.

नवे अधिवेशन तोंडावर आले की आमदार पत्रकारांना आपले विषय सांगतो. ती यादी उपयोगी असते, पण अभ्यास तिच्यापाशी थांबला तर फसतो. खरा अग्रक्रम दिसतो तो, एखादा विषय त्याने कोणत्या संसदीय आयुधाने मांडला यात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लक्षवेधी सूचना ताज्या, निकडीच्या विषयासाठी असते. कपात सूचना थेट खात्याच्या मागणीला भिडते. अशासकीय विधेयक क्वचितच कायदा होते, तरी त्यात आमदाराची स्वतःची कल्पना सर्वांत स्वच्छ उमटते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. म्हणजे सभागृहाची घंटा वाजण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते, आणि आपला शोधही तिथूनच सुरू व्हायला हवा.

पुराचा विषय घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले. शिरोळ, करवीर किंवा कोल्हापूर उत्तरच्या आमदाराला हा विषय टाळताच येत नाही. पण सभागृहात ‘पूर’ या नावाचे एक खाते नसते. सानुग्रह अनुदान मदत व पुनर्वसन विभागाकडे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखणे जलसंपदाकडे, पण त्या रेषांच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे नगरविकास आणि महापालिकेकडे. पाणी अडवून धरणारा रस्त्याचा भराव बांधकाम विभागाकडे. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करण्याचा वाद तर कर्नाटक, केंद्र आणि कृष्णा पाणी तंटा लवाद यांच्यात फिरतो. तिथे आमदार राज्य सरकारला फक्त भूमिका घ्यायला लावू शकतो. नुकसानीच्या पंचनाम्याचा प्रश्न लगेच हाती लागतो, त्याचे उत्तर गावात जाऊन सांगता येते. पूररेषेचा प्रश्न आपल्याच मतदारांच्या बांधकामांवर येतो. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीच्या अहवालावर कोणत्या आमदाराने, किती वेळा आणि कोणत्या शिफारशीबद्दल विचारले? एवढ्या एका प्रश्नावर एम.ए.चा उत्तम प्रबंध होईल. तो कुणीतरी लिहावा, अशी माझी फार इच्छा आहे.

या अभ्यासाला कोल्हापुरात इतिहासाची खोली आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात निघाला, त्यासाठी कोणत्या सभागृहाची संमती लागली नाही. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि इथल्या माणसाला कायद्यासाठी विधिमंडळाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागली. संस्थानचे दिवाण राहिलेले अण्णासाहेब लठ्ठे 1937 मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. या दोन व्यवस्थांमधला तो एक दुवा. पुढे एन. डी. पाटील. विधान परिषदेत 18 वर्षे, 1978 ते 1980 सहकारमंत्री, आणि 1985 ते 1990 कोल्हापूरचे आमदार. मंत्रिपदाचा काळ सोडला तर ही सारी कारकीर्द शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षाच्या बाकावरची. संख्याबळ नसलेल्या आमदाराला अग्रक्रम फार काटेकोरपणे निवडावे लागतात, म्हणून अशांची भाषणे आणि प्रश्न आधी वाचावेत, असे माझे मत आहे.

सभागृहाच्या हातात काय नसते, हेही शिकावे लागते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी अनेक दशके लढा दिला. प्रत्येक सरकारकडे पाठपुरावा झाला. पण 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेले सर्किट बेंच राज्य पुनर्रचना कायद्यानुसार, राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींनी स्थापन केले. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, केंद्र ठरवते. ती हप्त्यांत देण्याची मुभा 2022 च्या शासन निर्णयाने आली आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मग अशा विषयांवर आमदाराने सभागृहात बोलावे की नाही? बोलावे, कारण मंत्र्याने तिथे दिलेला शब्द नोंदला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. त्या समितीचे अहवाल आपण जवळजवळ उघडतच नाही.

हद्दवाढीचा विषय वेगळाच. 1972 मध्ये महापालिका झाली तरी शहराची हद्द होती तिथेच राहिली. शहराच्या आमदाराला हद्दवाढ हवी असते, शेजारच्या गावांतून निवडून येणाऱ्याला मतदार ती मागू देत नाहीत. दोघेही आपापल्या लोकांशी प्रामाणिक असतात. त्यामुळे ‘जिल्ह्याचे अग्रक्रम’ ही कल्पना जपून वापरावी.

नव्या अभ्यासकाने सुरुवात लहान करावी. एक मतदारसंघ, एक विषय आणि सलग तीन अधिवेशने : मुंबईतले अर्थसंकल्पी व पावसाळी, आणि नागपूरचे हिवाळी. कार्यवाहीचे अहवाल मराठीतच आहेत. ते वाचताना बाजूला त्या काळातली स्थानिक वृत्तपत्रे ठेवावीत, आणि नंतर आमदाराच्या कार्यालयात विषय निवडण्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला भेटावे. कोणता प्रश्न दिला आणि कोणता मागे ठेवला, हे त्याला ठाऊक असते. या पुस्तकातले बहुतेक लेख विधानसभेपुरते आहेत. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांतून विधान परिषदेवर जाणारे सदस्य पाच जिल्ह्यांचे असतात, त्यांत कोल्हापूरही आहे. त्यांच्या कामाचे दालन या पुस्तकात रिकामेच आहे.