फासा थोर की पंच?

प्रशियाच्या तोफखान्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ हा युद्धाचा खेळ नियमांत बसवला. नकाशावर ठोकळे, हाती फासे, निवाड्याला पंच. पण कोष्टके चाळण्यातच लढाई खोळंबे. १८७६ साली जनरल व्हेर्डी यांनी ती बाजूला सारली. अनुभवी पंच म्हणेल ते प्रमाण!

१९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. वाद मात्र तोच: सूत्रधाराने फासा मानावा, की गोष्ट रंगावी म्हणून झाकावा?

मी कादंबरीकार; माझी पात्रे मीच मारतो, मीच तारतो. येथे मात्र पात्राच्या आत दुसरा माणूस असतो. त्याला गुपचूप वाचवले, की त्याचे धाडसच खोटे ठरते. नियम अपुरा पडेल तेथे पंचाने जरूर बोलावे, पण सर्वांसमक्ष.